ग्लेनिसच्या खिडकीतला दिवा

सगळी सुरुवात एका गाजरापासून झाली. निदान मला तरी ते गाजर वाटलं होतं. प्रत्यक्षात ते माझ्या डाव्या हाताचं बोट निघालं.

माझी बायको ग्लेनिस तेव्हा लॉन्सेस्टनला बहिणीकडे गेली होती. बहिणीला नवा गुडघा बसवला होता आणि तो अंगवळणी पडेपर्यंत घरात कुणीतरी हवं होतं. निघताना ग्लेनिसनं मला दोनच गोष्टी बजावल्या. एक, मांजर कितीही रडलं तरी त्याला दुसऱ्यांदा जेवायला घालायचं नाही. दोन, अंधार पडला की खिडकीतला दिवा लावायचा. मांजरापुढे मी पहिल्याच संध्याकाळी हरलो. दिव्याच्या बाबतीत मात्र मी असा काही आज्ञाधारकपणा दाखवला की टकर्स हार्बरमध्ये अजून लोक त्याबद्दल बोलतात.

बोटाला पट्टी गुंडाळून मी स्वयंपाकघराच्या मधोमध उभा राहिलो आणि गुन्हेगार कोण ते शोधू लागलो. सुरी निर्दोष होती. गाजर तर बिचारं बळी जाणारच होतं. गुन्हेगार वर छताला चिकटलेला होता. आमच्या स्वयंपाकघरात छताच्या बरोब्बर मध्ये एक ट्यूब आहे. तुम्ही ओट्याशी उभे राहिलात की ती तुमच्या पाठीमागे जाते. म्हणजे उजेड पाठीला आणि काळोख कापायच्या फळीला. (त्यातून माझ्या डोक्यावर केस म्हणावेत असं काही उरलेलं नाही. जो काही उजेड पुढे सरकायचा प्रयत्न करतो, तो माझ्या टकलावर आपटून परत छताकडे जातो.) इतकी वर्षं या घरातला प्रत्येक कांदा माझ्या सावलीत कापला गेला होता.

दुसरा उजेड म्हणजे सिंकवरच्या खिडकीत वायरला लोंबकळणारा एक पिवळा बल्ब. डोक्यावर हिरव्या पत्र्याची टोपी, तिच्या कडेचे टवके उडालेले. तो माझ्या सासऱ्यांनी टांगला होता. घर त्यांचं, मी घरजावई, त्यामुळे बल्बाला या घरात माझ्यापेक्षा जास्त मान होता. त्या बल्बाच्या उजेडात दोन नळ आणि एक साबण एवढंच दिसतं. तरी ग्लेनिस तो संध्याकाळ झाली की लावायची. मी जाता-येता बंद करायचो. ती काही न बोलता पुन्हा लावायची. कधी मी विचारलंच तर म्हणायची, "राहू दे. मरे बाहेर आहे."

मरे म्हणजे तिचा धाकटा भाऊ. त्याची शेवंडी पकडायची होडी आहे. दाढी छातीपर्यंत, आणि तो दारातून आत आला की दार जरा वेळ दिसेनासं होतं. अशा माणसासाठी त्याची बहीण खिडकीत दिवा लावून बसते, याचं मला हसू यायचं आणि थोडं भरूनही यायचं. परतताना तो आणि त्याच्याबरोबरचे दोघे-तिघे आमच्याकडे थांबून ग्लेनिसच्या हातचं बार्लीचं सूप पिऊन मग घरी जायचे. मला वाटायचं, दिवा म्हणजे सूप तयार असल्याची खूण असावी.

मी कुणाला विचारलं नाही. टकर्स हार्बरची माणसं एखादी गोष्ट दोनदा सांगत नाहीत, आणि जी सगळ्यांना माहीत आहे ती एकदाही सांगत नाहीत. मी नगरपालिकेच्या कचेरीत जन्मभर कुत्र्यांची नोंदणी केली, त्यामुळे गावातलं प्रत्येक कुत्रं मला नावानं ठाऊक होतं. समुद्राशी मात्र माझा काही संबंध नव्हता. होडीत पाय ठेवला की माझं पोट किनाऱ्यावर परत जायला निघतं. त्यामुळे जन्म या बंदरात गेला, पण स्वतःचं घर समुद्रावरून कसं दिसतं हे मी एकदाही पाहिलं नव्हतं. (हे वाक्य लक्षात ठेवा. मी ठेवलं असतं तर ही गोष्टच घडली नसती.)

तर मी ठरवलं, ग्लेनिस परत यायच्या आत स्वयंपाकघरात नवे दिवे बसवायचे. तिला चकित करायचं.

दातांच्या डॉक्टरकडे माझी पाळी येईपर्यंत एक मासिक वाचत बसलो होतो, त्यात नेमका हाच लेख निघाला. (मासिक मी डॉक्टरांना विचारून घरी आणलं. म्हणजे तोंडात कापूस असताना जेवढं विचारता येतं तेवढं विचारून.) त्या लेखानं माझे डोळे उघडले. उजेड म्हणजे फक्त उजेड नसतो म्हणे. त्याचे थर असतात. एक थर सगळ्या खोलीसाठी, एक हातातल्या कामासाठी आणि एक नुसता मनाला बरं वाटावं म्हणून. कामाचा उजेड पाठीमागून नाही, समोरून आणि वरून पडला पाहिजे. मी जन्मभर ज्याला स्वयंपाकघर समजत होतो ती एक गुहा होती, आणि आमची ग्लेनिस त्या गुहेत स्वयंपाक करत होती. मला खरोखर वाईट वाटलं.

मी आलेखाच्या कागदावर नकाशा काढला. कपाटांच्या खाली लांब पट्टीचे दिवे, ओट्यावर बरोबर प्रकाश पडेल असे. छतात, ओट्याच्या पुढच्या कडेवर, छोट्या वाट्यांसारखे डाउनलाइट. मधल्या टेबलावर तीन लोंबते दिवे, त्यांना पांढऱ्या काचेचे गोळे. आणि खिडकीतला तो बल्ब? त्यावर मी लाल पेन्सिलीनं फुली मारली. नुसती फुली नाही, दोनदा गिरवलेली.

आमच्याकडे विजेच्या वायरला स्वतः हात लावायची सोय नाही. परवाना असलेला माणूसच लागतो, आणि आमच्या गावात असा कुणी नाही. म्हणून डोंगरापलीकडच्या गावातून ट्रूडीला बोलावलं. ट्रूडी कामाला वाघ आहे, पण मेंढपाळांच्या गावची. समुद्राकडे ती पाठ करून उभी राहते. तिनं माझा नकाशा नीट पाहिला, मान हलवली आणि शिडी लावली. खिडकीपाशी आल्यावर मात्र थबकली.

"हा काढायचाय नक्की?" तिनं विचारलं.

मी म्हटलं, "तोच तर मुख्य शत्रू आहे. मुळापासून काढ."

तिनं काढला. वायर आत ढकलून वर पांढरी चकती बसवली. हिरवी टोपी मी कोठीत ठेवून दिली, सासऱ्यांची आठवण म्हणून. खिडकीच्या चौकटीवर, बल्ब लोंबायचा तिथेच, सुरीनं केलेली एक जुनी खाच होती. मी ती पुट्टीनं बुजवून वरून रंग देणार होतो, पण रंग संपला.

काम संपलं आणि ट्रूडीनं बटण दाबलं, तेव्हा मी एक पाऊल मागे सरलो. ज्या ओट्याला मी करडा समजत होतो तो निळा होता. बटाट्यांवर मला प्रत्येक डोळा वेगवेगळा दिसत होता. कपाटाच्या वर इतक्या वर्षांचं जे काही साचलं होतं तेही तितक्याच स्पष्टपणे दिसत होतं, त्यामुळे पुढचे दोन दिवस मी घासतच होतो. खिडकीचा जाळीचा पडदा काढून टाकला, काच व्हिनेगरनं अशी पुसली की मांजर तिच्यावर आपटलं. पण मधूनमधून हात थांबवून मी नुसता वर बघत उभा राहायचो. उजेड इतका देखणा असतो हे मला या वयात कळत होतं. आपल्या बायकोला आपण हे देतो आहोत, या विचारानं मला आतून हलकं हलकं वाटत होतं.

त्या दोन दिवसांत होड्या अंधार पडायच्या आतच परतल्या होत्या. शनिवारी सकाळी मरे धक्क्यावर भेटला. समुद्राकडे बघत म्हणाला, वारा नैर्ऋत्येला वळतोय, संध्याकाळी लाटा वाढतील. मग निघताना मागे वळून म्हणाला, "ग्लेनिस येईपर्यंत दिव्याकडे बघ हं, साहेब." (गावात मला साहेब म्हणतात. त्यात आदर किती हे मी कधी मोजायला गेलेलो नाही.)

मी मनातल्या मनात हसलो. म्हटलं, "बघतोच आहे."

जून म्हणजे आमच्याकडे ऐन हिवाळा, पाच वाजले की अंधार. ग्लेनिस गाडीनं निघाली होती, आता येईलच म्हणून मी स्वच्छ शर्ट घातला आणि एकेक करून सगळी बटणं दाबली. पट्ट्या, वाट्या, गोळे. काच लख्ख, पडदा नाही. टेकडीवरचं आमचं घर आतून नुसतं उजळून निघालं. मी हाताची घडी घालून स्वयंपाकघराच्या मध्यभागी उभा राहिलो, एखाद्या समारंभाच्या अध्यक्षासारखा.

फ्रिजवर होड्यांशी बोलायचा रेडिओ असतो. ग्लेनिस तो कायम चालू ठेवते, मी कायम आवाज बारीक करतो. त्यातून कुणीतरी बोलताना मला माझ्या घराचं नाव ऐकू आलं, म्हणून मी आवाज वाढवला.

मरे कुणाला तरी सांगत होता, "ग्लेनिसचं घर पेटलंय बहुतेक."

मला हसू आवरेना. मी माइक उचलला आणि अभिमानानं जाहीर केलं की घर पेटलेलं नाही, ही प्रकाशयोजना आहे.

पलीकडून नुसती वाऱ्याची खरखर येत राहिली. मग मरेनं अगदी सावकाश विचारलं, "नेव्ह, खिडकीतला दिवा कुठाय?"

"तो काढला," मी म्हणालो. "आता एकाच्या जागी दीड डझन आहेत."

त्यावर मरे जे म्हणाला ते इथं लिहिता येण्यासारखं नाही. पण त्याच्या आवाजात राग नव्हता. मरे रागावला नाही म्हणजे मरे घाबरलाय, एवढं मला इतक्या वर्षांत कळत होतं.

त्याच वेळी मागचं दार उघडलं आणि ग्लेनिस आत आली. अंगावर कोट तसाच, हातात बॅग तशीच. तिनं दिव्यांकडे पाहिलं. मी "कसे आहेत?" विचारायला तोंड उघडलं होतं, ते तसंच राहिलं. तिनं बॅग टाकली आणि भिंतीवरची सगळी बटणं एका हातानं बंद केली. ट्यूबसकट सगळं घर काळंठिक्कर झालं.

"डोंगर उतरतानाच बघितलं मी," ती म्हणाली. "दिवा काढलास तू?"

"तुला बरं दिसावं म्हणून..."

"तीन होड्या बाहेर आहेत, नेव्ह."

आणि मग त्या अंधारात, कपाटं उघडता उघडता, तिनं मला ते सांगितलं जे गावात शाळेत न जाणाऱ्या पोरालाही माहीत होतं. आमच्या बंदराच्या तोंडाशी पाण्याखाली दोन खडक आहेत. त्यांना इथे दोन जावा म्हणतात, कारण त्या एकमेकींकडे पाठ करून बसल्या आहेत आणि मध्ये सापडेल त्याची धडगत नाही. त्यांच्यामधून एक अरुंद वाट आत येते. ती वाट कशी ओळखायची? धक्क्यावरचा दिवा खाली आणि ग्लेनिसचा दिवा त्याच्या बरोब्बर वर. दोन्ही एका रेषेत आले की तुम्ही दोघी जावांच्या मधोमध. रेषा सुटली की तुम्ही एकीच्या मांडीवर. सासऱ्यांनी बल्ब म्हणूनच टांगला होता आणि चौकटीवरची खाचही त्याच्यासाठीच होती. होड्यांवर नकाशा दाखवणारे पडदे आहेत, यंत्रं आहेत, सगळं आहे. पण वाटेची रुंदी आणि यंत्राची चूक साधारण सारखीच भरते, त्यामुळे शेवटच्या वळणावर प्रत्येक जण मान वर करून आमची खिडकी बघतो.

"मला कुणी सांगितलं नाही," मी म्हणालो. माझा आवाज मलाच केविलवाणा वाटला.

"मला वाटलं तुला माहीत आहे. तू इथं राहतोस, नेव्ह."

ट्रूडीनं वायर अशी चोख बंद केली होती की ती उघडायची म्हणजे पुन्हा ट्रूडीच हवी. ग्लेनिसनं माझा बिछान्याशेजारचा वाचायचा दिवा आणला, त्याची कापडी टोपी काढून फेकली, लांब वायर जोडली आणि मला म्हणाली, "चढ."

मी सिंकमध्ये चढलो. एक पाय सिंकमध्ये, एक ओट्यावर, मान वाकवून डोकं खिडकीच्या काचेला टेकलेलं. दोन्ही हातांनी दिवा धरून तो त्या जुन्या खाचेशी आणला. ग्लेनिस फ्रिजपाशी उभी राहून रेडिओवर बोलत होती आणि मधूनच मला हुकूम सोडत होती. थोडा वर. थोडा डावीकडे. आता हलू नकोस. मी हललो नाही. माझ्या बुटात नळाचं पाणी ठिबकत होतं, पण मी हललो नाही. आयुष्यात पहिल्यांदाच माझ्या नुसतं उभं राहण्यावर काहीतरी अवलंबून होतं.

बराच वेळ बाहेर काही दिसलं नाही. नुसता काळोख आणि त्यात लाटांचा आवाज. मला मरेची दाढी आठवली, त्याची ती दार भरून टाकणारी सावली आठवली. माझ्या हातून हा माणूस बुडाला तर मी ग्लेनिसला तोंड कसं दाखवू? खरं सांगतो, मी देवाला हाक मारली. (देव आणि मी फारसे बोलत नाही, पण त्या वेळी ओळख काढावी लागली.)

आणि मग मला ते दिसलं. दूर, काळोखात, एक हिरवा आणि एक लाल ठिपका. होडीच्या दोन बाजूंचे दिवे. एकदम दोन्ही दिसतात म्हणजे होडी सरळ तुमच्याकडे तोंड करून येते, एवढं मलाही माहीत होतं. ते दोन ठिपके वर जात होते, खाली बुडत होते, पुन्हा वर येत होते, आणि त्यांच्या मागे आणखी दोन, त्यांच्याही मागे दोन. सगळे एका ओळीत. सगळे माझ्या हातातल्या त्या पंचवीस वॉटच्या दिव्याकडे बघत. इतका मोठा काळा समुद्र, आणि त्यातून तीन होड्या एवढ्याशा उजेडाचं बोट धरून घरी येत होत्या. मासिकातल्या त्या लेखात प्रकाशाचे तीन थर सांगितले होते. हा चौथा त्यांना ठाऊक नव्हता.

रेडिओवर मरे म्हणाला, "दिसला. आता बरोबर. दोन्ही दिसतायत."

ग्लेनिसनं कपाळाला आठ्या घातल्या. "दोन्ही? धक्क्यावरचा आणि हा?"

"तो वेगळा. वर दोन आहेत. एक दिवा आणि त्याच्या खाली एक गोल. आम्ही कुठला धरायचा?"

ग्लेनिस वळली आणि माझ्याकडे बघत राहिली. तिची नजर दिव्यावरून हळूहळू खाली आली आणि माझ्या डोक्यावर येऊन थांबली. माझे दोन्ही हात वर होते, मला काही करता येत नव्हतं. खुंटीवरची तिची निळी लोकरी टोपी तिनं काढली, स्टुलावर चढली आणि माझ्या टकलावर कानांपर्यंत ओढली.

"आता?" तिनं रेडिओवर विचारलं.

"एकच," मरे म्हणाला. "आलो."

दोन जावांच्या मधून होड्या कशा आल्या हे मला सांगता येणार नाही, कारण टोपी माझ्या डोळ्यांवर आली होती. मी फक्त ग्लेनिसचा श्वास ऐकत होतो. पहिली होडी, मग दुसरी, मग बराच वेळ काही नाही, मग तिसरी. प्रत्येक वेळी ती श्वास सोडायची आणि मला कळायचं. शेवटी ती म्हणाली, "उतर." मी उतरायला गेलो तेव्हा माझे हात खाली यायला तयार नव्हते. एखाद्या पकडलेल्या चोरासारखा मी हात वर करून स्वयंपाकघरात उभा राहिलो. ग्लेनिसनं ते एकेक करून खाली आणले आणि मग त्याच हातांवर कपाळ टेकून थोडा वेळ तशीच उभी राहिली.

थोड्या वेळानं मरे आणि त्याचे सोबती आत आले. सूप नव्हतं. ग्लेनिसनं डबे उघडले. कुणी मला रागावलं नाही. त्यापेक्षा दोन शिव्या हासडल्या असत्या तर बरं वाटलं असतं. जाताना मरेनं एक बटण दाबून बघितलं, पट्टीचे दिवे ओट्यावर पसरले, आणि त्यानं ओट्याकडे बराच वेळ पाहिलं.

"छान आहे, साहेब," तो म्हणाला. "दिवसा लाव."

ट्रूडी सोमवारी परत आली. हिरवी टोपी, पिवळा बल्ब, खाचेच्या रेषेत, सूतभरही इकडे-तिकडे नाही. या वेळी ती ग्लेनिसला विचारून काम करत होती, मला नाही. आता नियम असा आहे: होड्या बाहेर असताना अंधार पडला की खिडकीतला बल्ब लागतो आणि बाकी सगळं बंद. नवे दिवे फक्त समुद्र खवळलेला असेल आणि सगळे घरी असतील तेव्हाच. त्यामुळे वादळाच्या दिवशी आमचं स्वयंपाकघर लग्नघरासारखं दिसतं, आणि चांगल्या हवेत मी स्वतःच्या सावलीत कांदा कापतो.

तरी एक गोष्ट मनातून जाईना. शेवटी मी मरेला म्हटलं, मला एकदा बाहेर ने. मला माझं घर बघायचंय. एके दिवशी सकाळी त्यानं मला एक बादली दिली आणि होडीत बसवलं.

त्या दिवसाचं वर्णन मी करणार नाही. बादली माझ्याबरोबर होती एवढं सांगतो. पण संध्याकाळी परत येताना मरेनं मला खांद्याला धरून उभं केलं आणि बोट दाखवलं. टेकड्या काळ्या झाल्या होत्या. आकाश कुठं संपतं आणि जमीन कुठं सुरू होते ते कळत नव्हतं. धक्क्यावर एक दिवा होता, आणि त्याच्या बरोब्बर वर, एवढासा, पिवळा, माझ्या सासऱ्यांचा बल्ब. त्याच्यामागे ग्लेनिस उभी असणार. इतकी वर्षं मी जो येता-जाता बंद करत होतो तो हाच. मी किती वेळा बंद केला असेन, आणि किती वेळा तिनं काही न बोलता पुन्हा लावला असेल. माझे डोळे भरून आले आणि या वेळी पोटामुळे नाही.

"किती सुंदर दिसतो," मी म्हणालो.

"हं," मरे म्हणाला. "पण आज एकटा आहे. तू घरी असलास की सोपं जातं."

इतक्या वर्षांत त्यानं माझं केलेलं हे पहिलं कौतुक होतं. मी बादली खाली ठेवली. "ते कसं काय?" मी विचारलं.

"कधीकधी दिव्याखाली दुसरं एक गोल दिसायचं. हलायचं. म्हातारे म्हणायचे भूत आहे. त्या दिवशी ग्लेनिसनं तुझ्या डोक्यावर टोपी ओढली तेव्हा सगळ्यांना कळलं ते काय." त्यानं सुकाणू जरासं वळवलं. दोन जावा दोन्ही बाजूंना फेसाळत होत्या, पण तो वर खिडकीकडेच बघत होता. "आम्हाला त्याचा फार उपयोग व्हायचा. ते दिसलं की समजायचं, नेव्ह भांडी घासतोय. म्हणजे सूप संपलं. मग आम्ही तुमच्याकडे न थांबता सरळ घरी जायचो."

म्हणजे त्या घरातली सगळ्यात परिणामकारक प्रकाशयोजना इतकी वर्षं माझ्या खांद्यांवरच होती. मी पुन्हा बादली जवळ घेतली.